बायकांचा आजार, माझा घसा

आवाज बसला तेव्हा मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होतो, आणि पहिले काही आठवडे मी त्याकडे लक्षच दिलं नाही. वॉर्डात दिवसभर बडबड, कँटीनचे तेलकट वडे, मित्राच्या हळदीत घसा फाडून म्हटलेली गाणी. कारणांना तोटा नव्हता. गुळण्या केल्या, हळदीचं दूध प्यालो. घसा बसतो आणि उघडतो. माझा उघडला नाही.

मी दांडीचा. तारापूरच्या किनाऱ्यावरचं हे मच्छीमारांचं गाव. बाबांची लहान होडी आहे, आई बोईसरच्या बाजारात मासळी विकते. आमच्या घरात कुणीच हळू बोलत नाही, कारण समुद्रावरच्या वाऱ्यात हळू बोललेलं पोहोचतच नाही. त्यामुळे मी हॉस्टेलवरून फोन केला की आई आधी विचारायची, "कोन बोलतंय?" मी म्हणायचो, "अगं, जयेश." मग ती म्हणायची, "आवाज कुटं गेला तुजा? थंड पानी प्यायलास."

गावात प्रत्येकाकडे एक कारण होतं. कुणी म्हणे कारखान्यांची हवा, कुणी म्हणे सुक्या मासळीची धूळ, कुणी म्हणे एवढं शिकून पोराला नजर लागली. मी डॉक्टर होणार होतो, म्हणून माझं कारण जरा इंग्रजी होतं: अ‍ॅसिडिटीमुळे घशाला आलेली सूज. स्वतःच गोळ्या ठरवल्या, स्वतःच घेतल्या. मग एक दिवस वॉर्डात केस सांगताना सर म्हणाले, "मोठ्यानं बोल, मागच्यांना ऐकू येत नाही." मी जोर लावला आणि तोंडातून नुसती हवा आली. त्याच आठवड्यात जिना चढताना श्वास घेताना घशात शिट्टीसारखा आवाज झाला. तेव्हा कुठे मी कान-नाक-घसा विभागात गेलो. ओपीडीत. पेशंटच्या बाकावर.

* * *

विभागातल्या मॅडमनी नाकात बधिर करणारा फवारा मारला आणि बारीक दुर्बीण आत सरकवली. समोरच्या पडद्यावर माझा घसा आला. स्वरतंतूंच्या दोन स्वच्छ पांढऱ्या पट्ट्या दिसतील असं मला वाटत होतं. पुस्तकात तशाच असतात. माझ्या पट्ट्यांवर गुलाबी, दाणेदार झुबके होते, ओहोटीला खडकांवर कालवं दिसतात तसे एकमेकांना चिकटून.

"ई म्हण," मॅडम म्हणाल्या.

ई निघाली नाही.

"पॅपिलोमा दिसतोय. मस्सेच म्हण. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतात. बायोप्सी करून खात्री करू. कर्करोगासारखं मला तरी काही दिसत नाही, हे आधी ऐकून घे."

मागे ज्युनियर मुलांची बॅच उभी होती. मॅडमनी मला विचारलं, "यांना दाखवू?" मी मान हलवली. आम्हीही पेशंटला असंच विचारायचो, आणि तेही अशीच मान हलवायचे. त्या मानेत किती होकार असतो ते मला त्या दिवशी कळलं.

"एचपीव्ही म्हटलं की काय आठवतं?" मॅडमनी मुलांना विचारलं.

"गर्भाशयमुखाचा कर्करोग," सगळे एका सुरात म्हणाले.

"आणखी?"

एका मुलानं वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

"लस कुणी घ्यायची?"

"मुलींनी."

"तुमच्यापैकी कुणी घेतली आहे?"

दोन मुलींचे हात वर झाले. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आम्हाला कशाला? तो तर बायकांचा आजार."

मॅडमनी पडद्याकडे बोट दाखवलं. "मग हा घसा कुणाचा आहे?"

सगळ्यांची नजर पडद्यावर गेली. मग मागून कुणीतरी पुटपुटलं, "पण घशात गेला कसा?" आणि दुसरं कुणीतरी हसलं. हसण्यात दुष्टपणा नव्हता. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हसलो असतो. या विषाणूचे प्रकार मला आकड्यांनिशी पाठ होते, परीक्षेत त्यावर चांगले गुणही मिळाले होते. पण तो सगळा अभ्यास बायकांच्या शरीराबद्दल होता. त्या पानांत मी स्वतः कुठे असू शकतो हा विचार मला कधी शिवलाच नव्हता.

मुलं गेल्यावर मी मॅडमना खरखरत्या आवाजात तेच विचारलं. कुठून आला?

"दोन वाटा आहेत," त्या म्हणाल्या. "जन्माच्या वेळी आईकडून येतो आणि वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. किंवा मोठेपणी, जवळच्या संबंधांतून. तुझ्या बाबतीत कोणती, हे कुठलीही तपासणी सांगणार नाही. शोधत बसू नकोस."

मी शोधतच बसलो.

* * *

ऋचा माझ्याच वर्गात होती, पालघरची. वर्षभर आम्ही एकत्र होतो, आणि एकत्र या शब्दात जे जे येतं ते सगळं आमच्यात होतं. तिच्याआधी माझ्या आयुष्यात कुणी नव्हतं. तिच्या आयुष्यात एक जण होता. तिनं ते मला सुरुवातीलाच सांगितलं होतं आणि मी तेव्हा मोठ्या समजूतदारपणे "त्यात काय" म्हटलं होतं.

बायोप्सीनं पॅपिलोमा पक्का केला तरी तिला सांगायला मी बरेच दिवस लावले. शेवटी शिरगावच्या किनाऱ्यावर बसून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं, श्वासाचं विचारलं, ऑपरेशन कधी ते विचारलं. मग माझ्याकडे बघत राहिली.

"विचार ना," ती म्हणाली.

"काय?"

"जे तुझ्या चेहऱ्यावर आहे ते."

मी म्हटलं, तसं काही नाही. माझा आवाज इतका फाटलेला होता की खरंही खोटं वाटलं असतं. आणि हे तर खोटंच होतं.

"मला आजाराचा राग नाही आला, जयेश," ती म्हणाली. "इतके दिवस तू माझ्याबरोबर चहा पीत होतास आणि मनात माझी उलटतपासणी घेत होतास, त्याचा आला. मलाही तपासून घ्यावं लागेल ना? ते तरी वेळेवर सांगायचंस."

ती उठून गेली. पुढचे काही महिने आम्ही वर्गात एकमेकांपासून लांबच्या बाकांवर बसत होतो.

* * *

ऑपरेशन आमच्याच कॉलेजच्या रुग्णालयात झालं. बाहेरून चीर नसते. तोंडातूनच, सूक्ष्मदर्शकाखाली मस्से काढतात. अवघड भाग भूल देणाऱ्यांचा असतो, कारण श्वासाची नळी आणि डॉक्टरांची हत्यारं एकाच अरुंद वाटेनं जातात. हे मला माहीत होतं, आणि माहीत असण्याचा काहीही उपयोग झाला नाही. पाठीमागे नाड्या असलेला तो हिरवा झगा घालून मी स्ट्रेचरवर पडलो होतो आणि माझेच वर्गमित्र माझ्याकडे न बघता छताकडे, मॉनिटरकडे, कुठेही बघत होते. भीती मरणाची नव्हती. उठल्यावर घशात आवाजच नसेल तर काय, ही होती. डॉक्टरचं निम्मं काम बोलण्याचं असतं.

शुद्धीवर आल्यावर हुकूम मिळाला: बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. कुजबुजण्यानं स्वरतंतूंवर ताणच पडतो.

शेजारच्या खाटेवर बोईसरच्या एका कारखान्यातला कामगार होता, कानाचं ऑपरेशन झालेला, डोक्याला पांढरा पट्टा. माझी परिस्थिती समजल्यावर तो म्हणाला, "भाई, आप बोल नहीं सकते, मुझे सुनाई नहीं देता. जोड़ी अच्छी है." माझं सलाईन संपत आलं की तोच सिस्टरला हाक मारायचा, गरजेपेक्षा दुप्पट आवाजात. जेवण मऊ नसलं तर माझ्या वतीनं भांडायचा. त्या वॉर्डात माझ्या ओळखीचे पन्नास जण असतील. ते यायचे, अंगठा दाखवायचे आणि जायचे. तो माणूस मात्र मला रोज सकाळी विचारायचा, "दर्द है?" आणि मी मान हलवेपर्यंत थांबायचा.

* * *

दांडीला घरी आलो तो मुकाच. मोबाइलवर टाइप करून दाखवायचं, एवढंच. धाकटी बहीण निकिता, नववीतली, माझं टाइप केलेलं घरभर मोठ्यानं वाचून दाखवायची आणि त्यात स्वतःचं घालायची. तिनंच इंटरनेटवर आजाराचं नाव शोधलं आणि आईला वाचून दाखवलं. सगळं.

दुपारी आई बाजारातून आली, टोपली धुऊन उपडी घातली, हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"माज्याकडनं आलं काय तुला?"

मी मान हलवली, नाही.

"तू डॉक्टर हायस. खरं काय ते सांग."

मी फोन घेतला. 'नाही' असं टाइप केलं आणि पुसलं. 'हो' कसं टाइप करणार? शेवटी लिहिलं, 'माहीत नाही. कुणालाच कळणार नाही. आणि आलं असलं तरी तुझी काही चूक नाही.'

ती सातवी शिकलेली. तिनं फोन लांब धरून एकेक अक्षर जुळवत वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाली, "तुज्या वेळेला मी कळा देत होते तवा मला काय ठावं, पोराला काय देतेय ते." आणि उठून चुलीकडे गेली. मला बोलायचं होतं. घशात शब्द अगदी तयार होते. मॅडमचा हुकूम मोडावा की काय, असं पहिल्यांदाच वाटलं. मी तिच्या मागे गेलो आणि तिच्या शेजारी नुसता बसलो. तिनं मला लसूण सोलायला दिला.

बाबांनी वेगळंच विचारलं. होडीवरून आले, पाणी प्याले आणि दारातूनच म्हणाले, "पोरीबिरीचं काय हाय काय?"

मी फोन उपडा ठेवला.

"असले रोग कसे होतात ते काय आमाला कळत नाय?"

ते निघून गेले. त्यानंतर आमच्या घरात दोन मुके झाले. माझी बंदी उठली तरी बाबांची उठली नाही. जेवायला बसायचे, ताटाकडे बघून जेवायचे आणि उठायचे. गावात कुणी विचारलं तर "टॉन्सिल" म्हणून सांगायचे.

* * *

आवाज परत आला. थोडा जाड, पण माझा. मी फोनवर आईशी उगाचच जास्त बोलायला लागलो. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे खोलीत कुणी नसताना "एक, दोन, तीन" म्हणून बघायचं. साफ निघालं तर दिवस चांगला. जरा घासलं तर दिवसभर मी आवंढे गिळत, खाकरत, आरशात घसा बघत फिरायचो, जणू आरशात स्वरतंतू दिसतात. परीक्षेच्या तोंडावर एका सकाळी "दोन" निघालाच नाही.

हा आजार परत येतो हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. मस्से काढता येतात, विषाणू आजूबाजूला राहतो. कुणाला एकदाच त्रास होतो, कुणाला वर्षानुवर्षं. मी ऐकलं होतं, पण मनातल्या मनात स्वतःला पहिल्या गटात टाकलं होतं. तोंडी परीक्षेला बसता आलं नाही. माझी बॅच पुढे गेली आणि मी मागे राहिलो. हे दुखणं ऑपरेशनपेक्षा जास्त लांबलं. त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. वाचायला बसलो की उठायचो, घरी गेलो की परत हॉस्टेलला यायचो, हॉस्टेलवर आलो की पुन्हा बसस्टँडवर. निकिता म्हणायची, "दादा, तू चक्रीवादळासारका येतोस आनि जातोस."

याच काळात एक दिवस आईचा फोन आला. मी नसताना ती एकटीच जाऊन तपासणी करून आली होती. "तुज्या मॅडमनी त्यांच्या वलकीच्या बायांच्या डॉक्टरकडं धाडलं. तुला कुटनं आलं ते कुनालाच कळनार नाय म्हनालास तू. माज्या अंगात आज काय हाय ते तर कळंल ना, म्हटलं."

ते कळलं. गर्भाशयाच्या तोंडाशी कर्करोगाच्या आधीचे बदल होते. कर्करोग नव्हता, पण तसंच सोडलं असतं तर काही वर्षांनी तो होण्याचा धोका होता. आईला कसलाही त्रास नव्हता. ती आपण होऊन कधीच गेली नसती. बोईसरच्या बाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या बायकांपैकी कुणीही कधी गेलेली नाही.

आईचा आणि माझा विषाणू एकच का, हा प्रश्न मी मॅडमना डॉक्टर म्हणून विचारला की मुलगा म्हणून, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "आईचा विषाणू वेगळ्या प्रकारचा आहे. तुझ्या घशात जो आहे तो हा नव्हे." मग लगेच म्हणाल्या, "यातून तू जन्मलास तेव्हा काय होतं ते सिद्ध होत नाही, हे तुला कळतं."

मला कळत होतं. तरी आईला मी फक्त पहिलं वाक्य सांगितलं. तेवढंच सांगायचं होतं. आईनं ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे मी दिलेला नाय."

"नाय," मी म्हटलं. तिच्याच बोलीत.

तिच्यावरची प्रक्रिया छोटी होती. संध्याकाळी ती घरी होती आणि दुसऱ्या दिवशी बाजारात कुणाला बसवायचं याची काळजी करत होती. तपासणी टेबलावर पडून राहण्याची लाज वाटली का, असं मी विचारलं तर म्हणाली, "वाटली. पन मासे साफ करताना पोट फाडूनच बगतो ना आपन, आत काय हाय ते. त्याशिवाय कसं कळनार?"

* * *

दुसऱ्या ऑपरेशनच्या सकाळी ऋचा आली. स्ट्रेचरजवळ उभी राहिली आणि सरळ माझ्याकडे बघितलं, छताकडे नाही.

"मी तपासून आले," ती म्हणाली. "काही नाही. आणि यातून काहीच ठरत नाही, असं मॅडम म्हणाल्या. पूर्वी असेल तर गेलाही असेल. बऱ्याच जणांचा आपोआप जातो."

"सॉरी," मी म्हटलं. शब्दाचा निम्मा भाग हवेत गेला.

"बोलू नकोस. आजपासून तसंही तुला बोलायला बंदी आहे. मला सोयीचं आहे."

आम्ही पुन्हा पहिल्यासारखे झालो असं लिहिणं खोटं होईल. पण आवाज परतल्यावर मी तिला सगळं सांगितलं, मनातली उलटतपासणीसुद्धा, आणि तिनं ती पूर्ण ऐकली. लस घ्यायला आम्ही एकत्र गेलो. खिडकीवरच्या सिस्टरनी तिचं नाव लिहिलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा." मी म्हटलं, "मलाही घ्यायची आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पुरुषांना?" ऋचा म्हणाली, "हो, पुरुषांना." माझ्या आत असलेला विषाणू लसीनं जाणार नव्हता. मस्से परत यायला कदाचित जास्त वेळ लागेल, एवढीच आशा, आणि तीही पक्की नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं. ही लस खरी कामाची असते ती विषाणूची गाठ पडायच्या आधी, लहान वयात. म्हणून पुढच्या सुट्टीत निकितालाही घेऊन गेलो. ती रडली नाही. घरी येऊन दंड सगळ्यांना दाखवत फिरली.

हे वाचणाऱ्यांत कुणाच्या घशात आत्ता असेच झुबके असतील तर त्याला मला एवढंच सांगायचं आहे: कुठून आला हे शोधण्यात मी जितके दिवस घालवले त्यातला एकही दिवस मला बरं करण्याच्या कामी आला नाही. आणि मेडिकलच्या मुलांना सांगायचं आहे की आपल्याला उत्तर पाठ असतं याचा अर्थ आपल्याला ते माहीत असतं असा नाही.

* * *

आता मी इंटर्नशिप करतो आहे. गेल्या आठवड्यात आवाज पुन्हा घासायला लागला. मॅडमनी बघितलं, उजव्या बाजूला लहानसं काहीतरी आहे. घाई नाही, पण पुन्हा काढावं लागेल. मी ते घरी सांगितलं. बाबांनी ऐकलं आणि नेहमीप्रमाणे उठून किनाऱ्यावर गेले. थोड्या वेळानं मीही गेलो, कारण घरात बसवत नव्हतं.

होड्या लागल्या होत्या. बाबा जाळं झटकत होते आणि त्यांचे जुने सोबती भालचंद्रकाका पलीकडे टोपल्या भरत होते. काकांनी मला बघितलं, काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं आणि ते वाऱ्यात विरून गेलं.

"पोराचा गला परत बसला काय रं?" काकांनी बाबांना विचारलं. "टॉन्सिल काढलेल्या ना त्याच्या?"

मी समुद्राकडे बघायला लागलो.

"टॉन्सिल नाय," बाबा म्हणाले. हात थांबले नव्हते. "एचपीव्ही हाय. वायरस असतो. गल्यात मस्से येतात, काडतात, परत येतात. त्याच्या आयसला पन तोच होता, दुसरीकडं. वेलेवर कळलं म्हनून वाचली."

आजूबाजूची दोन-तीन माणसं बघायला लागली. काकांच्या हातातली टोपली तशीच राहिली.

"तुज्या नातवाला किती वरसं झाली?" बाबांनी विचारलं.

"बारा."

"त्याला सुई दे त्याची. लस हाय."

"ती पोरींना देतात ना? साळंत सांगत होते."

"पोरांना पन देतात. मला काय इचारतोस, तो डॉक्टर हुबा हाय ना तिथं, त्याला इचार." मग बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि परत काकांकडे. "आनि हितनं वरडून नको इचारू. त्याला मोठ्यानं बोलाया बंदी हाय. जवल जाऊन ऐक."

काकांनी टोपली खाली ठेवली, पसरलेलं जाळं ओलांडून माझ्यापर्यंत आले आणि मान वाकवून कान पुढे केला.